न उतरणारा रक्तदाब आणि पिशवीतली चार औषधे: एक प्रकरण अभ्यास

वय ४८, पुरुष, दिवसभर बैठे काम. वजन ८२ किलो, उंची १६८ सेंटीमीटर. आठ महिन्यांपूर्वी तपासणीत रक्तदाब १५२/९६ निघाला आणि डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू केली. दोन महिन्यांत दाब १३०/८४ वर आला. बीपी नॉर्मल झाले, आता गोळी जन्मभर कशाला, असे म्हणून त्यांनी ती कोणाला न विचारता बंद केली आणि सर्पगंधाच्या गोळ्या आणल्या. सहा महिन्यांनी वैद्यांकडे आले तेव्हा दाब १६४/१०२. नाक सतत चोंदलेले, छातीत जळजळ, आंबट ढेकरा, पायांत गोळे. पत्नीने आणखी एक गोष्ट सांगितली: "हल्ली यांना कशातच रस वाटत नाही."

हे एका ठरावीक रुग्णाचे टिपण नाही. आयुर्वेदिक उपचार स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एका जागी आणून हे नमुना प्रकरण रचले आहे. त्यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. औषधांचे गुणदोष मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

पिशवीत काय निघाले

"काय काय घेता?" असे विचारले की रुग्ण फक्त बीपीचे औषध सांगतो. म्हणून घरातली प्रत्येक बाटली, पुडी, चूर्ण, सर्दीची आणि दुखण्याची गोळी, सगळे एका पिशवीत घालून आणायला सांगावे. या गृहस्थांच्या पिशवीतून चार गोष्टी निघाल्या आणि प्रकरण तिथेच निम्मे उलगडले.

पहिली सर्पगंधा. हिला निरुपयोगी म्हणता येणार नाही, उलट रक्तदाबाच्या उपचारात तिची कामगिरी मोठी आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पण जे द्रव्य दाब उतरवते तेच मज्जातंतूंच्या टोकांमधला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन आणि सेरोटोनिनचा साठा रिकामा करते. मग नाकातल्या रक्तवाहिन्या फुगून नाक चोंदते, जठरात आम्ल वाढते, नाडी मंदावते आणि काहींचे मन खचते. या गृहस्थांनी दाब हवा तसा उतरेना म्हणून दोन महिन्यांनी गोळ्या स्वतःच दुप्पट केल्या होत्या. सर्पगंधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि औषध बंद केल्यावरही तो लगेच जात नाही. चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून मात्रा वाढवणे या औषधाच्या बाबतीत विशेष घातक ठरते.

दुसरी वस्तू सर्दीची गोळी, रोज एक-दोन. चोंदलेल्या नाकासाठी. तिच्यात फिनिलेफ्रिन होते. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवून नाक मोकळे करते, पण आकसण्याचे काम फक्त नाकापुरते राहत नाही. सर्पगंधाने ज्यांच्या मज्जातंतूंतला साठा रिकामा केला आहे, त्यांच्या रक्तवाहिन्या अशा द्रव्याला नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात.

तिसरे ज्येष्ठमधाचे चूर्ण. जळजळीसाठी चमचाभर, दिवसातून दोनदा, चार महिने सलग. ज्येष्ठमध घशाला आणि आम्लपित्ताला चांगले हे खरेच आहे, म्हणून तर कोणी त्याच्याकडे संशयाने पाहत नाही. त्यातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. हा विकर एरवी तिथे कॉर्टिसोल हे संप्रेरक निष्क्रिय करत असतो. तो अडला की कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या जागेवर बसून त्याचेच काम करू लागते: सोडियम आणि पाणी शरीरात धरून ठेवायचे, पोटॅशियम लघवीवाटे घालवायचे. दाब चढतो, पायांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्यापर्यंत मजल जाते. खोकल्याच्या गोळ्या, काढे, चहाचे मसाले यांतही ज्येष्ठमध असतो. वेष्टणावर यष्टिमधु, मुलेठी अशी नावे असतात, तीही वाचावीत.

चौथे लवणभास्कर चूर्ण, दोन्ही जेवणांनंतर. नावातच लवण आहे, आणि एक नव्हे, अनेक लवणे आहेत. पचनाचे बहुतेक चूर्ण घेताना आपण मीठ खातो आहोत हे लक्षात येत नाही.

आता साखळी पाहा. दाब उतरवायला सर्पगंधा घेतली. तिने नाक चोंदले, म्हणून सर्दीची गोळी. सर्पगंधाने आम्लही वाढवले, म्हणून ज्येष्ठमध आणि लवणभास्कर. नंतरच्या या तिन्ही गोष्टी दाब चढवणाऱ्या. दाब चढलेला दिसला म्हणून सर्पगंधा दुप्पट, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून. यात एकही औषध बनावट नव्हते, भेसळीचे नव्हते. प्रत्येक औषध आपापले काम चोख करत होते.

आकडा खरा आहे का

उपचार ठरवण्याआधी दाब पुन्हा मोजला. दंडाचा घेर ३४ सेंटीमीटर भरला. क्लिनिकमधला आणि त्यांच्या घरच्या यंत्राचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराचा होता. लहान पट्टा आकडा खोटा वाढवून दाखवतो. मोठा पट्टा लावल्यावर दाब १५६/९८ आला. म्हणजे दाब वाढलेला होताच, पण त्यातला थोडा भाग पट्ट्याचा होता.

नंतर सात दिवसांची घरची नोंद ठेवायला सांगितले. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून यायचे. पाठ टेकून, पाय न दुमडता जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे. मोजताना बोलायचे नाही, फोनही हातात नको. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला आणि उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवर नाही. सकाळी गोळी आणि न्याहारीपूर्वी दोन वेळा, एका मिनिटाच्या अंतराने, संध्याकाळी तसेच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. घरच्या सरासरीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त दाब वाढलेला धरतात. क्लिनिकमधली १४०/९० ही रेषा घरच्या आकड्याला लावू नये. यांची सरासरी १५१/९५ आली.

"जास्त आला म्हणून पुन्हा घेतला, तेव्हा कमी आला, तोच लिहिला" ही नोंदवहीतली सर्वात मोठी खोट. सगळे आकडे लिहायचे, यंत्राच्या स्मृतीशी ताडून पाहायचे.

रक्ततपासणीत पोटॅशियम ३.२ निघाले (सामान्य ३.५ ते ५). क्रिएटिनिन, साखर, थायरॉइड ठीक, लघवीत अल्ब्युमिन नाही, ईसीजीत हृदयाच्या डाव्या जवनिकेवर (खालच्या कप्प्यावर) ताण दिसत नव्हता, डोळ्यांचा पडदाही चांगला होता. कमी पोटॅशियम आणि चढलेला दाब एकत्र दिसला की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त सुटत आहे का, हा विचार करावाच लागतो. पण ज्येष्ठमध चालू असताना ती तपासणी दिशाभूल करते. तो बंद करून किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणून डॉक्टरांनी ती तपासणी पुढे ढकलली. रात्री घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, दिवसा पेंगणे हेही विचारले, कारण झोपेतला श्वासरोध हे न उतरणाऱ्या दाबाचे नेहमी निसटणारे कारण आहे. घोरणे होते, श्वास अडखळत नव्हता.

आणि मन. "जगू नये असे वाटते का?" हा प्रश्न सरळ शब्दांत विचारायलाच हवा. सर्पगंधा घेणाऱ्याला तर नक्कीच. उत्तर नाही असे आले, तरी मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली.

आयुर्वेदाच्या अंगाने

संहितांमध्ये उच्च रक्तदाब या नावाचा एक स्वतंत्र व्याधी नाही. आकडा मोजण्याचे साधन नव्हते आणि बहुतेकांना लक्षणेही नसतात. त्यामुळे आजचे वैद्य तो व्यान वायूची (शरीरभर रक्त खेळवणाऱ्या वाताची) विकृती, पित्त किंवा कफाने व्यानाला आलेले आवरण म्हणजे अडथळा, रक्तगत वात म्हणजे रक्तात बिघडलेला वात अशा चौकटींतून समजून घेतात. कोणती चौकट लागू हे रुग्णागणिक ठरते. "बीपीवर आयुर्वेदिक गोळी कोणती?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते.

या गृहस्थांत पित्ताची बाजू स्पष्ट होती. खारट-आंबट-तिखट रोजचे, जेवण रात्री साडेदहाला आणि वर लोणचे-पापड, झोप साडेबाराला, कामाच्या रगाड्यात लघवी तुंबवून ठेवण्याची सवय, पटकन चढणारा राग. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन गोष्टी अति वापरू नयेत असा इशारा आहे. सुश्रुताने चिकित्सेची थोडक्यात व्याख्या केली ती 'निदानपरिवर्जन', म्हणजे कारण टाळणे. या प्रकरणात उपचाराचा मोठा भाग नेमका एवढाच होता. नवे औषध लिहिण्याआधी जुनी चार काढायची.

पंचकर्म हवे असा रुग्णाचाच आग्रह होता, विशेषतः विरेचन. ते नाकारले. पोटॅशियम ३.२ असताना जुलाब करवले तर ते आणखी खाली जाते. दाबासाठी मूत्रल (लघवी वाढवणारी) गोळी चालू असलेल्यांनाही हाच धोका. विरेचनाने एक-दोन दिवस आकडा उतरलेला दिसतो, पण ते पाणी कमी झाल्याने, आणि लोक त्यालाच गुण आला म्हणतात.

काय केले

ज्येष्ठमध, लवणभास्कर आणि सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद. सर्पगंधा वैद्य आणि डॉक्टर यांनी आपसांत बोलून थांबवली. तिचा अंमल हळूहळू ओसरत असल्याने पुढचे तीन आठवडे नाडी आणि मनःस्थितीवर लक्ष ठेवले. नाकासाठी मिठाच्या पाण्याची जलनेती, जळजळीसाठी रात्रीचे जेवण आठच्या आत आणि पलंगाची डोक्याकडची बाजू अर्धा वीत उंच. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. १५१/९५ सरासरी असलेल्या माणसाला केवळ आहार-विहारावर महिनोन्‌महिने ठेवणे योग्य नाही; मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या तोवर वाट पाहत नाहीत.

मिठाचा हिशेब घरच्या बरणीवरून केला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात दिवसभराचे सगळे आले. घरात माणसे चार, एक किलोचा पुडा २० दिवसांत संपत होता. १००० भागिले २०, भागिले ४: माणशी रोज साडेबारा ग्रॅम. वर लोणचे, पापड, फरसाण, पाव, बाहेरचे जेवण वेगळे. ही आकडेमोड रुग्णाच्या पत्नीसमोर केली, कारण स्वयंपाकघरातला निर्णय त्यांचा होता. ठरले असे: महिन्याचे मीठ, चौघांचे, ४०० ग्रॅम वेगळ्या बरणीत काढायचे. ते माणशी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास पडते आणि विकतच्या पदार्थांतल्या मिठाला जागा उरते. पण एकदम नाही. पहिल्या महिन्यात ११००, दुसऱ्यात ७५०, तिसऱ्यात ४००. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. एका दिवसात निम्मे केले की ताटावर मीठ वाढून घेतले जाते आणि प्रयोग फसतो. पहिले मीठ कणकेतून आणि भातातून काढले, तिथे ते कोणाला फारसे जाणवत नाही. आमटी-भाजीत लिंबू, कोकम, जिरे, कोथिंबीर वाढवली.

तिसऱ्या आठवड्यात एक घोळ उघड झाला. घरात मीठ बदलून सैंधव आणले होते आणि "ते बीपीला चालते" म्हणून सढळ हाताने पडत होते. सैंधव गुणाने सौम्य मानले आहे, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाच्या हिशेबात एक ग्रॅम सैंधव जवळजवळ एक ग्रॅम मीठच आहे. शिवाय त्यात आयोडीन सहसा घातलेले नसते.

पोटॅशियमयुक्त मिठाचाही प्रश्न आला. चीनमधल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, तीन चतुर्थांश सोडियम क्लोराइड आणि एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले. उपाय चांगला आहे, मात्र मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांना आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पिरोनोलॅक्टोन या दाबाच्या गोळ्यांपैकी काही घेणाऱ्यांना त्याने रक्तातले पोटॅशियम वाढून धोकादायक पातळीला जाऊ शकते. इथे पुढे दुसरी गोळी जोडावी लागेल का हे ठरलेले नव्हते, म्हणून सध्या नको म्हटले.

अर्जुन दिला तो क्षीरपाक करून. शार्ङ्गधराचे प्रमाण: द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी. अर्जुनसालीचे भरड चूर्ण ५ ग्रॅम, दूध ४० मिलिलिटर, पाणी १६० मिलिलिटर. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, पाणी आटून दुधाएवढेच म्हणजे ४० मिलिलिटर उरेपर्यंत. मोठ्या आचेवर उकळले तर दूध बुडाला लागते, आणि घाईने अर्धवट आटवले तर सालीचा अर्क पुरता उतरत नाही. गाळून, साखर न घालता, सकाळी. अर्जुन हृदयाचे औषध म्हणून जुना आणि विश्वासाचा आहे, पण एकट्याने दाब आटोक्यात आणेल अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये, आणि तसे कोणी सांगत असेल तर ऐकू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्यावा.

चालणे दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून सुरू केले, कारण गुडघ्यांना सवय नव्हती. पाचव्या आठवड्यापासून सलग ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस; वेग असा की बोलता यावे पण गाता येऊ नये. संध्याकाळी १५ मिनिटे संथ श्वसन, मिनिटाला सहाच्या आसपास, उच्छ्वास लांब. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालतात, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणे नाही. कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, सर्वांगासन दाब आटोक्यात येईपर्यंत वर्ज्य. जड वजन श्वास रोखून उचलणेही तसेच. त्या क्षणी दाब फार उंच उसळतो.

झोपेसाठी सात दिवस शिरोधारा. तेल कोमट, धार कपाळापासून चार अंगुळे वरून, अर्धा तास, आणि संपल्यावर एकदम न उठता कुशीवर वळून पाच मिनिटांनी बसायचे.

पाचवा आठवडा

शिरोधारेच्या पाचव्या दिवशी टेबलावरून उठण्याआधी कोणीतरी दाब मोजला: ११२/७०. गृहस्थ आनंदले आणि दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅम्लोडिपिन घेणे सोडले. तीन दिवसांनी नोंदवहीत सकाळचे १४८, १५० असे आकडे दिसल्यावर हे कळले. अर्धा तास शांत पडून राहिलेल्या माणसाचा दाब खाली येणारच. तो त्या अर्ध्या तासाचा आकडा. उपचाराच्या खोलीत रुग्णाला आकडा सांगण्याची पद्धत म्हणूनच थांबवावी असे आमचे मत आहे. गोळी पुन्हा सुरू झाली.

सहाव्या आठवड्यात घोट्यांवर सूज आली. शेजाऱ्याने पुनर्नवा सुचवली, "पाणी उतरवते" म्हणून. ही सूज अ‍ॅम्लोडिपिनची होती. ती गोळी लहान धमन्या सैलावते, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. शरीरात पाणी साठल्याने येणारी सूज वेगळी. त्यामुळे मूत्रल औषधाने, मग ते पुनर्नवा असो की दुसरे कोणते, इथे फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी मात्रा २.५ मिलिग्रॅम केली आणि टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅम जोडली. पोटॅशियमयुक्त मीठ आधी थांबवून ठेवले ते किती बरे झाले, हे इथे कळते. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासले.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी घरची सरासरी १२६/८१. वजन ७७.५ किलो. पोटॅशियम ४.३. ज्येष्ठमध बंद झाल्यावर ते पोटॅशियमच्या औषधाशिवाय वर आले होते, त्यामुळे अल्डोस्टेरॉनची तपासणी करावी लागली नाही. नाक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मोकळे झाले होते, आणि पत्नीच्या सांगण्यानुसार माणूस पुन्हा बोलू लागला होता.

कोणत्या गोष्टीने किती गुण आला? वेगळे करून सांगता येत नाही. एकाच वेळी सहा-सात बदल झाले. वजन एक किलो घटले की वरचा दाब साधारण एक अंकाने उतरतो, म्हणजे चार-पाच अंक तिथले. दाब चढवणारी द्रव्ये काढल्याचा वाटा मोठा, मिठाचा मोठा, गोळ्यांचा नक्कीच. अर्जुनाचा किती, शिरोधारेचा किती, हे अशा एका प्रकरणातून कोणी ठामपणे सांगू नये.

पुढच्या सूचना लेखी दिल्या. दाब १८०/१२० किंवा वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे यांतले काहीही असेल तर काढा नाही, प्राणायाम नाही, थेट रुग्णालय. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घ्यायची नाही. तीही दाब चढवतात, आणि टेल्मिसार्टनसोबत मूत्रपिंडाला बाधतात. उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवशी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना फोन करायचा. गोळी कमी करायची इच्छा असेल तर सहा महिने सरासरी १३० च्या खाली राहिल्यावर, डॉक्टरांनी एका वेळी एकच गोळी कमी करायची आणि पुढचे चार आठवडे घरची नोंद पुन्हा रोज. थंडीत दाब थोडा चढतो, म्हणून हा प्रयोग हिवाळ्याच्या तोंडावर सुरू करायचा नाही. आणि दर भेटीला ती पिशवी घेऊन यायची, आत नवे काही नसले तरी.